मोडीच्या भावात

पितळेची ही कळशी मी पुण्याच्या जुन्या बाजारात वजनावर घेतली. दोन किलो आठशे ग्रॅम भरली. विकणाऱ्या मावशींनी ती काट्यावर ठेवली, मोडीच्या भावाने हिशेब केला आणि वरचे सुटे पैसे सोडूनही दिले. घरी आणून खिडकीपाशी उजेडात धरली तेव्हा काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली अक्षरं दिसली. 'चि. सौ. कां.' एवढं स्पष्ट होतं. त्यापुढचं नाव गेलेलं. मग 'हिस मामांकडून', मग पुन्हा बोटभर सपाट जागा, आणि शेवटी 'शके १८५९'. म्हणजे १९३७-३८ साल. नाव ज्या बाजूला होतं ती बाजू कमरेला लागत असणार. आडावरून पाणी आणताना कळशी रोज कडेवर घासली, घरी आल्यावर चिंचेने आणि राखेने घासली, आणि जिचं नाव तिच्यावर घातलं होतं तिच्याच हातांनी ते पुसलं गेलं.

जुन्या बाजारात दोन भाव चालतात, वजनावर आणि नगावर. वजनावर म्हणजे वस्तू काय आहे याच्याशी देणंघेणं नाही. पितळ किती, तांबं किती, तेवढे पैसे. नगावर म्हणजे विकणाऱ्याने वस्तू ओळखली. 'ताई, हा नगावर आहे हं' असं कानावर आलं की समजायचं, हातातला अडकित्ता आता नुसतं पितळ राहिलेला नाही. स्वस्तात चांगलं काही हाती लागावं म्हणून फिरणारी माणसं याच फटीत शोधत असतात. विकणाऱ्याने अजून ओळखली नाही आणि आपण ओळखली, अशी वस्तू त्यांना हवी असते. मीही गेली वीस-बावीस वर्षं तेच करते आहे. 'मोडीत काढणं' हा शब्दप्रयोग आपण चालीरीतींपासून माणसांपर्यंत कशालाही लावतो. इथे तो शब्दशः घडत असतो. भांडं मोडीत जातं, मोड भट्टीत जाते, आणि भट्टीतून नळाची तोटी किंवा दाराची कडी बाहेर येते.

या पुस्तकात कुठे जावं, कधी जावं, काय बघावं, कशाला भुलू नये, भाव कसा करावा हे सगळं आहे. वाचकाने तेवढ्यासाठीच ते हातात घेतलं असेल तर त्यात गैर काही नाही. मीही तेवढ्यासाठीच बाजारात जायला लागले होते. पण इतक्या वर्षांत एक गोष्ट मनात घट्ट बसली आहे आणि ती सुरुवातीलाच सांगते. बाजारात वस्तू मिळते, तिचा पत्ता मिळत नाही. माळ्यावरून उतरलेलं भांडं भंगारवाल्याच्या हातगाडीवर जातं, तिथून गोदामात, तिथून पथारीवर. तीन-चार हात बदलतात. कुणाच्या घरचं, कोणत्या गावचं, कशासाठी वापरायचे, ही माहिती पहिल्या हातातच राहून जाते, कारण दुसऱ्याने विचारलेलीच नसते. विचारायला पैसे पडत नाहीत. तरी आम्ही हौशी लोकसुद्धा भाव विचारतो, पत्ता विचारत नाही.

त्याने काय बिघडतं ते पायलीवरून सांगते. धान्य मोजायची जुनी मापं बाजारात अजून पुष्कळ येतात. निठवं, कोळवं, चिपटं, मापटं, शेर, अधोली आणि पायली. प्रत्येक माप आधीच्याच्या दुप्पट, म्हणजे चौसष्ट निठव्यांची एक पायली. संपूर्ण उतरंड एका ठिकाणी सापडणं आता कठीण, बहुतेक वेळा सुटा शेर किंवा सुटं मापटं मिळतं. १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला, १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलो आणि लिटर आले, आणि १९६० नंतरच्या दोन-चार वर्षांत दुकानातून शेर-पायलीला रजा मिळाली. घरात मात्र ती मापं भात टाकताना, डाळ मोजताना आणखी वीस-पंचवीस वर्षं वापरात होती. आज लोक ती पेनं ठेवायला नाहीतर बोन्सायला घेतात. घ्यावीत, माझी काही तक्रार नाही.

माझ्याकडे दोन पायल्या आहेत. उंचीला सारख्या, घेराला सारख्या वाटतात, दोन्ही लाकडी, दोन्हींना लोखंडी पट्ट्या मारलेल्या. एकदा दोन्ही ज्वारीने काठोकाठ भरल्या आणि वजन केलं, तर एकीत दुसरीपेक्षा बरीच जास्त ज्वारी मावली. यात फसवणूक असेलच असं नाही. पायली सगळीकडे एक नव्हतीच. कोकणातली वेगळी, देशावरची वेगळी, कधी एका परगण्यातली शेजारच्या परगण्याहून वेगळी. याच मापांनी खळ्यावर सुताराचं, लोहाराचं, कुंभाराचं बलुतं मोजलं जायचं. मजुरी मोजली जायची, उसनं दिलं-घेतलं जायचं. कोणत्या गावात पायली केवढी होती, म्हणजे तिथल्या मजुराच्या घरी नेमकं किती धान्य जात होतं, हे माझ्या या दोन लाकडी भांड्यांना ठाऊक आहे. पण कोणती पायली कुठली हे मी विचारून ठेवलं नाही. विकणारा कदाचित सांगू शकला असता. त्या वेळी मी फक्त पन्नास रुपये कमी करून घेतले आणि खूश होऊन घरी आले.

पुण्याचा जुना बाजार मंगळवार पेठेत, शाहीर अमर शेख चौकाच्या परिसरात, बुधवारी आणि रविवारी भरतो. मुंबईचा चोर बाजार भेंडी बाजाराच्या पोटातल्या मटन स्ट्रीटवर. तिथली पक्की दुकानं एरवी उघडी असतात, पण शुक्रवारी पहाटे रस्त्यावर जो बाजार मांडला जातो त्याची गंमत निराळी. मूळचा 'शोर बाजार', गोऱ्या साहेबाच्या तोंडी त्याचा 'चोर बाजार' झाला, अशी एक कथा तिथे कुणीही ऐकवतं. दोन्ही बाजारांत जुनी देखणी चीज हा मालाचा छोटासा भाग असतो. बाकी सगळा संसार. वापरलेले बूट, स्पॅनर, पंखे, मोटारींचे सुटे भाग, कुलपं नसलेल्या किल्ल्या आणि किल्ल्या नसलेली कुलपं. पुण्यात वाड्यांतला माल जास्त, मुंबईत पारशी घरांतला, बंद पडलेल्या इराणी हॉटेलांतला, आणि दारूखान्यात तोडलेल्या जहाजांमधला. जहाजावरचे पितळी कंदील, खिडक्यांच्या गोल चौकटी, होकायंत्रं तिथूनच आलेली असायची. नवशिक्याने पहिल्या चार-पाच फेऱ्यांत काहीच घेऊ नये, नुसतं फिरावं आणि ऐकावं, असं माझं मत आहे. गिऱ्हाईक आणि विकणारा यांच्या बोलण्यातून जेवढं कळतं तेवढं कुठल्याही पुस्तकातून कळत नाही, या पुस्तकातूनही नाही.

इतका माल बाजारात आला कुठून, हा प्रश्न मला फार दिवस पडत होता. एका कारणाने काही हे झालेलं नाही. स्टील आलं, हे सगळ्यांना माहीत असलेलं कारण. स्टीलला कल्हई लागत नाही, चिंच लागत नाही, आंबट ठेवलं तरी कळकत नाही. तीन पितळी भांडी देऊन एक चकचकीत स्टीलचा डबा घरी आणताना बायकांना हलकं वाटलं असेल, आणि ते मला पटतं. घासायचं त्यांनाच होतं. मग गॅस आला आणि चुलीवरची मोठी, बुडाला काजळी धरणारी तपेली आणि बंब-घंगाळं अडगळ झाली. वाडे पडले, त्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या आणि फ्लॅटला माळा नसतो. ज्या घरात माळा नाही त्या घरात 'असू दे, लागेल कधीतरी' असं म्हणता येत नाही.

काही कारणं याहून कठोर होती. १९४८ साली गांधीजींच्या खुनानंतर पश्चिम महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरं जळाली आणि अनेक कुटुंबं गावं सोडून शहरात आली. नंतर कुळकायदा आला, ज्यांची घरं खंडावर चालत होती त्यांचं गावातलं बस्तान उठलं, आणि कसणाऱ्याला जमीन मिळाली. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठांमधले संसार पाण्याने वाहून नेले. गाळात सापडलेलं भांडं आपलं की शेजाऱ्याचं हे कळायला त्यावर घातलेलं नाव एवढाच आधार होता. म्हणून बाजारात वस्तू उचलताना आपण कुणाच्या तरी गरजेची, कुणाच्या सुटकेची, कुणाच्या पडझडीची खूण उचलतो आहोत, हे मी विसरत नाही. त्याने भाव करायला संकोच वाटत नाही. फक्त वस्तू हातात घेण्याची पद्धत बदलते.

हातात घेण्याचीही एक रीत आहे. वस्तू उलटी करून बघायची. समोरची बाजू जगाला दाखवायला असते, खरं काय ते बुडाशी कळतं. हाताने घडवलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यावर हातोडीच्या ठोक्यांचे बारीक खळगे ओळीने दिसतात. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत याला माठारकाम म्हणतात. पेशवाईत कोकणातून आलेल्या तांबटांनी हे काम पुण्यात रुजवलं. ठोक्यांनी पत्रा घट्ट होतो आणि प्रत्येक खळग्यात उजेडाचा एक ठिपका बसतो, त्यामुळे भांडं मजबूतही होतं आणि सुंदरही. यंत्रावर ओढलेल्या भांड्याच्या बुडाशी मात्र एकात एक गोल रेघा असतात. शिसवी किंवा सागवानी कपाटाचा खण पूर्ण बाहेर काढून पाहावा. हाताने कापलेले सांधे एकमेकांशी तंतोतंत सारखे नसतात, खणाच्या बुडावर रंध्याचे व्रण असतात. इराणी हॉटेलातली वाफेवर वाकवलेल्या लाकडाची खुर्ची मिळाली तर बैठकीच्या खालच्या कड्यावर आतून शिक्का किंवा कागदी चिठ्ठी आहे का ते बघावं. युरोपातल्या ज्या कारखान्यात ती वाकवली त्याचं नाव तिथे सापडू शकतं. खिशात एक छोटं चुंबक असावं. पितळेला ते चिकटत नाही, लोखंडावर पितळेचा मुलामा असेल तर चटकन धरतं.

आणि भिंग असावं. राजा रविवर्म्याच्या चित्रांचे जुने छाप बाजारात मागितले जातात आणि त्यांच्या नकलाही तितक्याच येतात. रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथून लक्ष्मी आणि सरस्वती घराघरांतल्या भिंतींवर पोचल्या. हे छाप दगडावरून, रंगावर रंग चढवत काढलेले. भिंगातून पाहिलं तर रंगाचे कण वाळू सांडल्यासारखे, वाटेल तसे विखुरलेले दिसतात. आजच्या छपाईचे ठिपके मात्र रांगेत उभे असतात, एकमेकांभोवती छोटी छोटी फुलं केल्यासारखे. ही एक ओळख पक्की झाली तरी फसण्याची निम्मी भीती जाते. कधी कधी अशा चित्रावर खरी जर, कापड आणि टिकल्या चिकटवलेल्या सापडतात. एखाद्या घरच्या बाईने छापील लक्ष्मीला साडी नेसवलेली असते. काही जण ती जर खरवडून चित्र 'मूळ रूपात' आणतात. कृपा करून तसं करू नका. छाप हजारोंनी निघाले असतील, ती साडी मात्र एकाच लक्ष्मीला नेसवलेली असते.

नकली मालाबद्दल एक सबंध प्रकरण पुढे आहे, त्यामुळे इथे दोनच गोष्टी. रामदरबार किंवा मारुती असलेली, 'ईस्ट इंडिया कंपनी' आणि १८१८ असं साल छापलेली नाणी प्रत्येक बाजारात दिसतात. कंपनीने अशी नाणी कधी पाडली नाहीत. त्यांच्यात दैवी शक्ती आहे, ती तांदूळ ओढून घेतात, असं सांगून लाखो रुपयांना गंडा घातल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. दुसरी गोष्ट ग्रामोफोनची. झगझगीत पितळी कर्णा, नक्षीच्या पट्ट्या मारलेली पेटी आणि त्यावर कुत्र्याचं चित्र, असा जो ग्रामोफोन दुकानाच्या दारातच मांडलेला असतो तो बहुधा जुन्या यंत्राचे तुकडे नव्या पेटीत घालून बनवलेला असतो. दिवाणखान्यात शोभेला ठेवायचा असेल तर ठेवावा, पण त्या भावाने घ्यावा. नाट्यसंगीताच्या लाखेच्या तबकड्या मात्र अजून खऱ्या मिळतात. त्या एकावर एक रचून ठेवू नका आणि उन्हात तर मुळीच नको. ही लाख हातातून पडली की मडक्यासारखी फुटते.

माझ्या हातून झालेली सर्वांत मोठी चूक स्वच्छतेची आहे. सुरुवातीच्या वर्षांत मला एक लामणदिवा मिळाला होता. काळा पडलेला, साखळीची एक कडी तुटलेली, वर पोपट. तो मी एका दुकानात यंत्रावर पॉलिश करायला दिला आणि 'अगदी सोन्यासारखा करा' असं बजावून सांगितलं. त्यांनी तसा करून दिला. घरी आणल्यावर लक्षात आलं की पोपटाच्या पंखांवरच्या केसाएवढ्या रेषा आता नव्हत्या. डोळ्याचा खळगा भरून निघाल्यासारखा गुळगुळीत झाला होता. कारागिराने ज्या रेषा एकेक करून ओढल्या असतील त्या दहा मिनिटांत गेल्या, आणि त्या घालवायचे पैसे मी मोजले होते. तेव्हापासून मी नव्याने आणलेली कुठलीही वस्तू महिनाभर नुसती पाहते. मऊ फडक्याने धूळ पुसते, त्यापलीकडे काही करत नाही. काळं पडणं हा दर वेळी मळ नसतो.

एखादी वस्तू नीट ओळखली की ती आपल्याला कुठवर घेऊन जाते, याचं उदाहरण म्हणून प्रभाकर कंदील घ्या. पत्र्याचा, वाकलेल्या कडीचा, बहुतेक वेळा काच फुटलेला हा कंदील बाजारात इतर कंदिलांच्या ढिगात पडलेला असतो. पत्र्यावर दाबून उठवलेलं नाव गंजाखाली बोटाला लागतं. हा कंदील कराडजवळच्या ओगलेवाडीत तयार व्हायचा. ओगल्यांचा काचकारखाना १९१६ सालचा. त्याच्या थोडं आधी, १९०८ साली, तळेगावला पैसा फंडाचा काचकारखाना उभा राहिला होता. माणशी एक पैसा गोळा करून स्वदेशी उद्योग काढायचा, ही त्यामागची कल्पना. म्हणजे परदेशी कंदिलाची काच घरोघर तडकत होती त्या काळात इथली माणसं काच ओतायला शिकत होती. तो कंदील पुढे परीक्षेच्या अभ्यासाला, बाळंतिणीच्या खोलीत, गोठ्यात आणि रात्री शेताला पाणी धरताना सोबत होता. वीज आल्यावर खुंटीवर गेला, मग माळ्यावर, मग वजनावर. पत्र्याच्या मोडीला पितळेइतकाही भाव नाही, म्हणून तो सगळ्यांत स्वस्त. माझ्या मते महाराष्ट्रात जुन्या वस्तू जमवायला सुरुवात करणाऱ्याने पहिली खरेदी या कंदिलाची करावी.

असं घरगुती वापराचं मोल ओळखून आयुष्य त्यात घालणारा माणूस पुण्यातच होऊन गेला. दिनकर गंगाधर केळकर, १८९६ ते १९९०. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहीत, घरचा चष्म्यांचा व्यवसाय होता. राजेरजवाड्यांच्या तलवारी गोळा करणारे पुष्कळ होते. केळकरांनी अडकित्ते, दिवे, वज्री, दौती, कुंकवाचे करंडे, दाराच्या चौकटी, भातुकली असं गोळा केलं. वज्री म्हणजे पाय घासायची खडबडीत पितळी वस्तू. तिच्या पाठीवर कुणी मोर बसवला होता, कुणी हत्ती, आणि न्हाणीघरातल्या एवढ्याशा वस्तूसाठी कुणा कारागिराने घेतलेले ते कष्ट केळकरांना दिसले. त्यांचा मुलगा राजा लहानपणीच गेला. त्याच्याच नावाने संग्रहालय उभं राहिलं आणि १९७५ साली त्यांनी सुमारे वीस हजार वस्तूंचा तो ठेवा महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. बाजीराव रस्त्याच्या त्या बोळात मी शाळेत असताना पहिल्यांदा गेले आणि अडकित्त्यांच्या कपाटापुढे उभी राहिले. सुपारी कातरायची एकच साधी क्रिया, आणि तिच्यासाठी माणसांनी इतके आकार शोधले होते! बाजारात जाण्यापूर्वी प्रत्येकाने तिथे दोन-तीन वेळा जाऊन यावं. डोळा तयार होतो.

आता वहीबद्दल. पायल्यांचा तो अनुभव आल्यापासून मी बाजारात वही घेऊन जाते. वस्तू, तारीख, वजन, भाव, कुणाकडून घेतली, आणि विकणाऱ्याने तिच्याबद्दल काय सांगितलं. शेवटचा रकाना सगळ्यांत मोठा ठेवते. पैसे देऊन झाल्यावर विचारायचं, आधी नाही. आधी विचारलं की भाव चढतो, आणि पैसे हातात पडल्यावर माणूस मोकळेपणाने बोलतो. 'नगरकडच्या एका वाड्यातला माल होता, पंधरा पोती भरून आणला', 'हे पुरणयंत्र एका सुगरणीचं होतं, तिच्या सुनेने स्वतः आणून दिलं', अशी उत्तरं मिळतात. काही खरी असतात, काही गिऱ्हाइकाला खूश करायला. मी दोन्ही लिहून ठेवते आणि त्यापुढे माझी शंकाही लिहिते. पथारीवर बसणाऱ्या या माणसांचं ज्ञान आपल्याकडे कुणी गंभीरपणे घेत नाही, याचं मला वाईट वाटतं. नुसत्या नादावरून पितळ की कांसं हे सांगणारी, बोटाने चाचपून डाक कुठे लागला ते दाखवणारी माणसं आहेत ती. पिढ्यान्‌पिढ्यांचं हे शिकणं कुठल्याच अभ्यासक्रमात नाही.

काही वस्तूंना हात लावू नये. शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू, आणि ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन महत्त्वाची हस्तलिखितं असतील तर पंचाहत्तर वर्षांहून जुनी, १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येतात. मूर्ती, जुनी चित्रं, सचित्र पोथ्या यांची नोंदणी लागते, अशा वस्तूंच्या व्यापाराला परवाना लागतो आणि खासगी माणसाला त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. परदेशी राहणाऱ्या नातेवाइकांसाठी सुट्टीत 'काहीतरी जुनं' घेणाऱ्यांनी हे आधी वाचावं. हस्तिदंताचा व्यापार तर पूर्ण बंद आहे, वस्तू आजीच्या काळातली असली तरी. कायद्यापलीकडेही एक गोष्ट आहे. देवळातली घंटा, देवाचा मुखवटा, पालखीचे गोंडे असं काही 'नगावर' समोर आलं आणि ते कुठून आलं याचं धड उत्तर मिळालं नाही, तर मी पुढे जाते. एखाद्या गावात ते अजून शोधत असतील.

टाकांचं मला सगळ्यांत जड जातं. चांदीच्या पातळ पत्र्यावर उठवलेले खंडोबा, भवानी, आणि कधी घोड्यावर बसलेला एखादा वीर, म्हणजे त्या घरातला लढाईत किंवा अकाली गेलेला पुरुष. झिजलेला टाक विधीने बदलायचा असतो, पाण्यात सोडायचा असतो. तरी बाजारात ते मूठमूठ येतात, आणि एखाद्याच्या कपाळावर गंधाचा डाग तसाच असतो. एका रविवारी सात-आठ टाक कागदाच्या पुडीत बांधून काट्यावर ठेवलेले मी पाहिले. चांदीचा भाव त्या आठवड्यात चढलेला होता. मी ते घेतले, आणि घेऊन बरोबर केलं की नाही हे मला अजून ठरवता आलेलं नाही. घेतले नसते तर ते आटवले गेले असते. घेतले म्हणून दुसऱ्याचे पूर्वज माझ्या कपाटात आहेत. त्यांना मी हळद-कुंकू वाहत नाही, तो माझा अधिकार नाही. पण त्यांच्यापुढे वहीतला पत्त्याचा रकाना कोरा राहिला आहे, आणि ती पानं उलटताना हात थांबतो.

या पुस्तकातली प्रकरणं वस्तूंनुसार आहेत. धातू, लाकूड, कागद, काच आणि चिनीमाती, कापड, घड्याळं. कापडाचं प्रकरण छोटं आहे, कारण बाजारात कापड फारसं पोचतच नाही. जुन्या जरीच्या साड्या चांदीसाठी जाळल्या जातात. कागदाचं प्रकरण अवास्तव लांबलं आहे हे मला मान्य आहे. रद्दीच्या गठ्ठ्यात 'किर्लोस्कर' किंवा 'स्त्री'चे जुने अंक सापडले की त्यातल्या जाहिराती वाचता वाचता माझा वेळेचा अंदाज चुकतो, तसंच लिहितानाही झालं. भाव कुठेही आकड्यात दिलेले नाहीत. ते दर महिन्याला बदलतात, आणि भाव छापला की विकणारा आणि घेणारा दोघेही त्याला बांधले जातात.

कळशीचं थोडं सांगायचं राहिलं. हे सगळं लिहून होत आलं तेव्हा मी ती रविवार पेठेतल्या एका भांड्यांच्या दुकानात नेली. तिथे भांड्यांवर नावं घालून देणारे एक काका बसतात. आता सगळी दुकानं विजेच्या पेनने नावं घालतात, पण या काकांचे हात छिन्नी-हातोडीवर तयार झालेले. त्यांनी कळशी मांडीवर घेतली, खडू कुस्करून त्याची पूड ओल्या बोटाने गेलेल्या अक्षरांच्या जागेवर चोळली, वाळू दिली आणि कोरड्या फडक्याने एकदाच पुसली. वरची पूड निघाली, झिजूनही उरलेल्या खोल ठिपक्यांत बसलेली तशीच राहिली. पहिल्या सपाट जागेत 'यमुना' उमटलं. 'हिस मामांकडून'च्या पुढच्या जागेत आधी 'मु.' दिसलं, मग 'ओ', मग बराच वेळ काहीच नाही. काकांनी कळशी दाराकडच्या उजेडाला तिरकी धरली आणि 'ओतूर' वाचलं. मी तिथेच वही काढून तो रकाना भरला.

जुन्नर तालुक्यातलं ओतूर. यमुनाबाई तिथल्या की त्यांचे मामा तिथले, हे त्या एका ओळीवरून सांगता येत नाही. दिवाळीनंतर तिकडे जायचं ठरवलं आहे, कळशी सोबत घेऊन.